कोपरा आधी, जाळी मागाहून

धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात शेळ्यांचा गोठा घालायला निघालेला माणूस पैशांचा हिशोब एका ठरलेल्या क्रमाने मांडतो. आधी शेळ्या आणि बोकड, मग पत्र्याचे शेड, मग गव्हाणी आणि पाण्याचा हौद, मग चाऱ्यासाठी थोडा मेथीघास नि सुबाभूळ. कुंपण सगळ्यांत शेवटी येते. तोवर हातातली रक्कम आटलेली असते. उरल्यासुरल्या पैशांत जेवढी जाळी येईल तेवढी आणली जाते आणि मिळतील त्या खांबांना आवळली जाते. पहिला पावसाळा सरतो तेव्हा जाळीला पोट आलेले असते, खालची कड जमिनीपासून वीतभर उचललेली असते आणि करडे शेजारच्या तुरीत असतात. हे इतक्या गावांत दिसते की त्याला आता कोणी चूकही म्हणत नाही. जाळी वर्षभरात सैल पडायचीच, असे लोक धरून चालतात.

ती पडायचीच असे काही नाही. नीट बांधलेले आणि नीट ओढलेले तारेचे कुंपण पंधरा-वीस वर्षे ताठ उभे राहू शकते, आणि त्याला लागणारा खर्च ढिसाळ कुंपणाहून फार मोठा नसतो. फरक पडतो तो पैसा कुठे घातला यावर. शेळ्यांच्या कुंपणावरच्या या पुस्तकाच्या लेखकाने ही एकच गोष्ट दोनशे पानांत चिकाटीने सांगितली आहे: तारेच्या कुंपणाचे बळ तारेच्या जाडीत फार थोडे आणि तिच्या ताणात फार मोठे असते, आणि तो ताण कोपऱ्याचा खांब धरून ठेवतो. मराठीत शेळीपालनावर पुस्तकांची वाण नाही. जाती, चारा, लसीकरण, जंतनाशके, बाजारभाव यांवर भरपूर लिहिले गेले आहे. कुंपणावर त्यांत सहसा एक परिच्छेद असतो आणि त्यात एवढेच लिहिलेले असते की चारी बाजूंनी जाळी मारून घ्यावी. ती मारायची कशी, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या नुकसानीतून शिकायचे.

शेळीला वेगळे कुंपण कशाला, गाईम्हशीला चालते ते तिला का चालू नये, असा प्रश्न हमखास येतो. गाय कुंपणापाशी येऊन थांबते. शेळी थांबत नाही, ती ते तपासते. खालून नाक घालून पाहते, मधून डोके घालून पाहते, पुढचे दोन्ही पाय जाळीवर टेकवून उभी राहते, अंग घासत कडेकडेने चालत जाते आणि जिथे जाळी इतरांपेक्षा जास्त दबते ती जागा लक्षात ठेवते. उभे राहून पाला ओरबाडणे हा तिचा स्वभावच आहे, तिची शरीररचनाच त्यासाठी आहे. उस्मानाबादी शेळी जेमतेम तीस-बत्तीस किलोंची. तिला जाळी तोडता येत नाही. पण दिवसातून पन्नास वेळा, रोज, एकाच जागी रेटा दिला तर तोडायची गरजही उरत नाही. म्हणून शेळीचे कुंपण हे तार ओढणाऱ्याच्या कामाची सर्वांत कठोर परीक्षा आहे.

आपल्याकडे ही परीक्षा नवी आहे, कारण शेळीला आत ठेवायचे कुंपण आपल्याकडे फारसे नव्हतेच. कुंपण असे ते शेताला, आणि तेही शेळीने आत येऊ नये म्हणून. देशावर बाभळीच्या नि बोरीच्या फांद्या बेळक्याने रेटून बांधावर काट्यांची रास घालत. ती दर वर्षी नवी करावी लागे. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा असे. बांधावर घायपात, शेर, निवडुंग लावलेले असत. धनगरांची मेंढरे रात्रीपुरती वाघरीत कोंडली जात आणि सकाळी वाघूर गुंडाळून वाडा पुढे निघे. शेळ्यांमागे घरातली म्हातारी किंवा शाळा सुटलेले पोर असे, आणि तेच त्यांचे कुंपण. त्याचा डोळा चुकला की भांडण, नाही तर कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात गुरांच्या व्याख्येत हत्ती-उंटांपासून सुरुवात करून थेट शेळ्या आणि त्यांची करडे इथपर्यंत यादी आणलेली आहे. शेळीने दुसऱ्याच्या शेतात तोंड घालणे ही तेव्हाही सरकारदरबारी नोंद घेण्यासारखी बाब होती.

पुढे पाणलोटाची कामे झाली. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार यांसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली आणि माळ पुन्हा हिरवे केले. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि चार शेळ्याच काय त्या होत्या, त्यांना माळ बंद झाला हेही खरे. त्याच काळात पोरे नियमित शाळेत जाऊ लागली, ती जायलाच हवी होती, आणि शेळ्यांमागे फिरायला माणूस उरला नाही. त्यामुळे बंदिस्त आणि अर्धबंदिस्त शेळीपालन आले. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास शेळ्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक अजून मोकळ्याच फिरतात, पण दर वर्षी काही घरे आपल्या शेळ्या आत घेतात. त्या आत राहतील की नाही, हे सरतेशेवटी तारेवर ठरते. शेळी आत राहिली तर शेजाऱ्याशी संबंध राहतात आणि गावही तिला नावे ठेवत नाही. माझ्या दृष्टीने हा निव्वळ बांधकामाचा प्रश्न नाही. भूमिहीन बाईला गावात शेळी पाळता यावी की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आता ताणाविषयी, कारण तोच या पुस्तकाचा गाभा आहे. दोन खांबांमधले अंतर दहा फूट धरा. मधोमध शेळी पंधरा किलोंच्या जोराने रेलली. तार शंभर किलोच्या ताणाने ओढलेली असेल तर ती ढोबळ मानाने साडेचार इंच बाहेर दबेल. तीच तार पन्नास किलोने ओढलेली असेल तर नऊ इंच दबेल. नऊ इंच दबलेल्या तारेखालून करडू जाते, आणि एकदा गेलेले करडू दुसऱ्यांदा दुप्पट वेगाने जाते. तार तीच, खांब तेच, जाळी तीच. बदलला तो ताण. जाड तार आणल्याने हे दबणे फारसे कमी होत नाही, ओढल्याने होते. बाजारात मात्र कुंपण किलोवर विकले जाते, आणि वजन म्हणजे मजबुती असे आपण समजतो. त्यातही गेजचा घोळ आहेच. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: ८ गेजची तार सुमारे ४ मिलिमीटर, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची २.६ आणि १४ गेजची जेमतेम २ मिलिमीटर. चौदा नंबरी जाळी बारा नंबरीपेक्षा भारी असेल असे समजून पैसे मोजणारे लोक अजून आहेत.

ताण मोजायला यंत्र लागत नाही, हे लेखकाने दाखवून दिले याचा मला विशेष आनंद वाटला. लांबवर ओढलेली आडवी तार मधल्या खांबांना आवळण्याआधी दहा फुटांच्या एका गाळ्यात तिच्या मधोमध पाच किलोचे वजन टांगायचे आणि तार किती खाली येते ते पट्टीने पाहायचे. दीड इंच आली तर ताण शंभर किलोच्या आसपास आहे. तीन इंच आली तर पन्नासच्या. किराणा दुकानातले माप, सुतळी आणि फूटपट्टी एवढ्यावर हे होते. कंत्राटदाराला बिल देण्याआधी हे करावे. डोळ्यांना ताठ दिसणारी तार आणि खरोखर ओढलेली तार यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, मापाला कळतो.

शंभर किलोने ओढलेल्या पाच तारा म्हणजे कोपऱ्याच्या खांबावर एका बाजूने पाचशे किलोंची ओढ. कोपरा काटकोनात असेल तर दुसऱ्या बाजूनेही तेवढीच. दोन्ही मिळून तो खांब तिरकस आतल्या बाजूला सुमारे सातशे किलोने खेचला जात असतो, रात्रंदिवस, उन्हापावसात. मधल्या खांबांवर या ओढीचा जवळजवळ काहीच भार नसतो. त्यांचे काम तार उंचीवर धरण्याचे. असे असताना आपल्याकडे सगळे खांब एकाच मापाच्या अँगलचे आणतात, सगळ्यांना एकाच खोलीचे खड्डे घेतात आणि कोपऱ्यावर फार तर एक हात जास्त काँक्रीट ओततात. मधल्या खांबांत वाचवता येण्यासारखे खूप आहे आणि कोपऱ्यात वाचवण्यासारखे काहीच नाही. कोपऱ्याला अडीच-तीन इंची पाइप घ्यावा, किंवा दोन अँगल एकमेकांसमोर जोडून चौकोनी पेटी करून घ्यावी. उघडा अँगल ओढीखाली पिळवटतो, कारण पीळ सोसण्याची ताकद त्याच्या आकारातच नाही. एकदा पिळला की तारा सैल पडतात आणि दोष तारेवर येतो.

टेक्याबद्दल तर गावोगाव घोळ आहे. कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेका द्यायचा तो ज्या बाजूला तार जाते त्याच बाजूला, तारेच्याच रेषेत, म्हणजे खांब जिकडे कलायला बघतो तिकडून. अनेक ठिकाणी तो बाहेरच्या बाजूला उभा केलेला दिसतो. तिथे तो खांबाला रेटा देऊच शकत नाही. दुसरा दोष उभट टेक्याचा. लोखंड वाचावे म्हणून टेका आखूड घेतला आणि उभट लावला की तो खांबाला मागे रेटण्याऐवजी वर उचलतो. दोन-तीन पावसाळ्यांत काँक्रीटच्या गोळ्यासकट खांब जमिनीतून वर सरकलेला दिसतो तो यामुळेच. टेक्याचा पाय खांबाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पडावा आणि तो मातीवर न टेकता दगडावर किंवा काँक्रीटवर टेकावा. ज्यांना जमेल त्यांनी दोन खांबांमध्ये वर आडवी दांडी आणि कोपऱ्याच्या खांबाच्या बुंध्यापासून आतल्या खांबाच्या डोक्यापर्यंत तिरपी तार, अशी चौकट करावी. चौकटीतली ही तिरपी तार नेमकी याच कर्णावर हवी. उलट्या कर्णावर बांधली तर ती नुसती शोभेची.

आणि सिमेंट. सकाळी खड्डे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी तार ओढून मोकळे व्हायचे, ही घाई कुंपणाचा जीव घेते. काँक्रीटची ठरलेली ताकद अठ्ठावीस दिवसांच्या मापाने धरतात. निदान दोन आठवडे तरी कोपऱ्याला पाणी मारून थांबावे. कंत्राटदार थांबायला तयार नसतो, कारण त्याची माणसे पुढच्या कामावर जायची असतात. म्हणून करार करतानाच दोन खेपा ठरवाव्यात: एक खांबांची, दुसरी तारेची.

जमिनीचा विचार यातच येतो. मराठवाड्यातली काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या फुगण्या-आकसण्यात दीड-दोन फुटांवर रोवलेला खांब डुलत राहतो, मग वर काँक्रीट कितीही ओता. खड्डा काळी माती ओलांडून मुरुमाला लागेपर्यंत खाली न्यावा, हेच तिथे उत्तर आहे. मुरूम फार खोल असेल तर खड्ड्याचा तळ वरच्या तोंडापेक्षा रुंद घ्यावा. कोकणात अडचण निराळी. जांभ्यात खांब पक्का बसतो, पण खारा वारा तारेला खातो. लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्टानिस्लास सोरेलने १८३७ मध्ये घेतले, आणि आजही तारेचे आयुष्य त्या थराच्या जाडीवरच ठरते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. ते संपले की गंज धरायला वेळ लागत नाही. दोन बंडले दुकानात सारखीच चकाकतात, पण एकावर जस्त पुरेसे असते आणि दुसऱ्यावर नावापुरते. जाळीसाठी आयएस २७२१ हे भारतीय मानक आहे. ते दुकानदाराकडे मागावे. सिंधुदुर्गात कोकण कन्याळ शेळ्या ठेवणाऱ्याने तर ते न मागता जाळी घेऊच नये.

उन्हाचा हिशोब फारच थोडे लोक करतात. तीनशे फूट तार मेच्या दुपारपासून डिसेंबरच्या पहाटेपर्यंत तीस अंशांनी थंड झाली की सव्वा इंच आकसू पाहते. दोन्ही टोके पक्की असल्यामुळे तिला आकसता येत नाही, आणि मग तिचा ताण वाढतो. १० गेजच्या तारेत ही वाढ सुमारे साठ किलोंची होते, तीही एकेका तारेत. मे महिन्यात शंभरने ओढलेली तार डिसेंबरात एकशे साठवर जाते, आणि पाच तारांचे मिळून तीनशे किलो कोपऱ्यावर नव्याने येतात. उलट डिसेंबरात जेमतेम साठने ओढलेली तार मे महिन्यात पार लोंबते. म्हणून उन्हाळ्यात ओढताना हात जरा आखडता घ्यावा, थंडीत जरा सढळ ठेवावा. टोकाला टर्नबकल किंवा रॅचेट बसवून वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, ताण तपासावा. ज्या कुंपणात पुन्हा ओढायची सोयच ठेवलेली नाही ते पहिल्या दिवसापासून उतरणीला लागते.

ओढायचे साधन कोणते, हा भाग पुस्तकात सविस्तर आहे. तो वाचताना मला न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतातल्या ओटुरेहुआ या लहानशा वस्तीतल्या अर्नेस्ट हेजची आठवण झाली. शेतकऱ्यांसाठी अवजारे घडवणाऱ्या या माणसाने तार ओढायच्या यंत्राचे पेटंट १९०५ मध्ये घेतले आणि १९२४ पर्यंत त्यात सुधारणा करत राहिला. त्याची बायको हॅना सायकलवरून शेतोशेती फिरून ही अवजारे विकायची. मेंढ्यांच्या त्या देशाने तार ओढण्याला एका स्वतंत्र हुन्नराचा दर्जा दिला. आपल्याकडे अजून ते हमालीचे काम समजले जाते आणि ट्रॅक्टरला तार बांधून एक हिसका दिला की झाले, असे मानतात. ट्रॅक्टरने ओढणे टाळाच. चालकाला ओढ किती बसली ते कळत नाही. मऊ तार तिच्या मर्यादेपलीकडे गेली की कायमची लांबते आणि ताण धरायची तिची शक्ती जाते. तार तुटली तर तिचे टोक उलटून येते आणि डोळा घेऊन जाते. साखळीचा किंवा दात्यांचा हाती चालवायचा पुलर पुरेसा आहे. तो चालवताना तारेच्या रेषेत उभे राहू नये, बाजूला राहावे, हातमोजे आणि चष्मा घालावा.

चेनलिंक जाळीची गोष्ट सुट्या तारेहून वेगळी आहे. तिच्यात आडवी तार नसते, म्हणून ती हार्मोनियमच्या भात्यासारखी ताणली-मिटली जाते. एका टोकाला मधोमध पकडून ओढली तर तिथलेच चौकटे लांबोडके होतात आणि वर-खाली ती सैलच राहते. फार ओढली तर तिची उंची कमी होते आणि खालची कड जमीन सोडते. आधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा पूर्ण ताणाने ओढाव्यात. मग जाळीच्या शेवटच्या चौकट्यांतून उभी सळई घालून त्या सळईला धरून जाळी सर्व उंचीवर सारखी ओढावी, आणि आडव्या तारांना बाइंडिंग तारेने बांधत जावे. भार आडव्या तारांनी घ्यायचा, जाळीने फक्त भोके बुजवायची. गाठीच्या तयार जाळीत आडव्या तारांना मुद्दाम नागमोडी वळ्या दिलेल्या असतात. त्या स्प्रिंगचे काम करतात, शेळीचा रेटा आणि थंडीचा आकस दोन्ही गिळतात. त्या अर्ध्या सरळ होईपर्यंतच ओढावे. पूर्ण सरळ केल्या की स्प्रिंग गेली.

भोकांचा आकार किती असावा, यावर लेखकाशी माझे पूर्ण एकमत आहे: सहा इंची चौकटे शेळीसाठी सर्वांत वाईट. त्यांतून डोके आत जाते आणि मागे वळलेली शिंगे बाहेर येऊ देत नाहीत. अडकलेली शेळी उन्हात तहानेने मरते, किंवा कळपातल्याच दुसऱ्या शेळीच्या धडकांनी, किंवा कुत्र्यांच्या तोंडी. डोके मुळातच न जाईल एवढे लहान भोक ठेवावे, दोन ते तीन इंचांचे. करडांच्या आवारात खालचे दोन फूट त्याहूनही बारीक. उंची चार फूट पुरते, बोकडांच्या कप्प्याला पाच.

काटेरी तारेविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये तिचे पेटंट घेतले ते जिथे लाकूड नाही नि दगड नाही अशा उघड्या गवताळ प्रदेशातल्या गुरांसाठी. शेळी तिच्या दोन तारांमधून अंग चोरून निघते आणि निघताना सड किंवा कान फाडून घेते. उस्मानाबादीचे कान लांब आणि लोंबते, ते आधी सापडतात. जखमेत आळ्या पडतात हे एक. दुसरे नुकसान थेट पैशाचे आहे. बकरी ईदला कुर्बानीसाठी अव्यंग जनावर लागते. वर्षभर सांभाळलेल्या बोकडाचा कान फाटला किंवा शिंग मुळातून मोडले तर ऐन बाजारात गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून पुढे जाते. ज्या दोन आठवड्यांवर अनेक घरांचे वर्ष तरते, त्यांतली कमाई दहा रुपयांच्या काट्याने जाऊ द्यायची का? काटेरी तार हवीच असेल तर ती जाळीच्या वर आणि बाहेरच्या अंगाला, कुत्र्यामाणसांसाठी. शेळीच्या अंगाला लागेल अशी कुठेही नको.

कुंपणावरचा रेटा कमी करणे हाही ताणाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. गोचीड आणि उवा झालेली शेळी दिवसभर जाळीला अंग घासते. गोचिडांचा बंदोबस्त केला की जाळीचे आयुष्य वाढते, ही गोष्ट कुंपणवाल्याला सांगूनही पटत नाही, पण खरी आहे. गव्हाण किंवा हौद जाळीला लागून ठेवला की ती उडी मारायची पायरी होते. शेवरी-सुबाभूळ जाळीच्या पलीकडे दोन फुटांवर लावली की सगळा कळप जाळीवर पाय देऊन उभा राहतो. ही झाडे जाळीपासून पाच-सहा फूट दूर असावीत. फाटक कधीही ओढीच्या कोपऱ्यावर टांगू नये, त्याला त्याचा स्वतंत्र खांब द्यावा.

जनावरांच्या भीतीविषयी थोडक्यात. लांडगा आणि कुत्रा खालून उकरतो, म्हणून खालची कड जमिनीला भिडलेली आणि शक्य तिथे पुरलेली असावी. जुन्नर, संगमनेर, नाशिकच्या उसाच्या भागात बिबट्या आहे, आणि तारेचे कोणतेही उघडे कुंपण त्याला अडवत नाही. तिथे रात्री शेळ्या वरून बंद असलेल्या गोठ्यातच हव्यात. झटका मशीन चांगले आहे. त्यातून क्षणभराचे ठोके सुटतात, सलग वीज वाहत नाही. पण ते न घेता घरातली वीज थेट तारेत सोडणारे लोक आहेत. त्याने माणसे मेली आहेत, दर हंगामात मरतात. तो गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याचे पोर त्या तारेला हात लावू शकते एवढे डोळ्यांपुढे आणले तर कायद्याचा धाक दाखवायची गरज पडू नये.

हे पुस्तक हातात घेणाऱ्याने पहिले प्रकरण सोडून कोपऱ्याच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. ज्यांचे कुंपण आधीच उभे आहे त्यांनीही ते वाचावे. जुने कोपरे बदलून त्याच तारा पुन्हा ओढल्या तर बहुतेक जुनी जाळी आणखी बरीच वर्षे देते. शेळीगटांना कर्ज देणाऱ्या बँकांच्या आणि प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. कुंपणाचा खर्च नुसत्या धावत्या फुटांवर काढू नका. जागेला चार कोपरे आहेत की नऊ, हे आधी विचारा आणि त्या प्रत्येक वळणासाठी पाइप, टेका आणि सिमेंट यांची रक्कम वेगळी दाखवा. शंभर बाय शंभर फुटांच्या सरळ आवाराला चारशे फूट जाळी आणि चार कोपरे लागतात. तेवढीच जागा पन्नास बाय दोनशे घेतली तर जाळी पाचशे फूट लागते, आणि वेडीवाकडी घेतली तर कोपरे दुप्पट. जागा आखतानाच दोरी लावून हे मोजा, आणि दुकानात जाळीचा भाव विचारायला त्यानंतरच जा.